मंगळवारात घर

करूळ घाटात टेम्पो तीनदा थांबला.
एकदा कुशलला ओकारी आली म्हणून,
एकदा गादीची दोरी सुटली म्हणून,
तिसऱ्यांदा शिदबा म्हणाला,
गाडीला जरा वारं खाऊ दे, ताई.
गगनबावड्याला धुकं.
त्यातून बाहेर आलो तर रस्ता उतरेचना.
दोन्हीकडे ऊस,
उसाच्या शेंड्यांना टेकलेलं आभाळ.

निमा म्हणाली, आये,
इतक्या वर इलव, मगे माथो खंय?

चढत गेलं की शिखर लागतं
हे मीच तिला शिकवलेलं.
इथे चढून आल्यावर
एक गुऱ्हाळ लागलं, एक पेट्रोलपंप,
आणि दगडावर लिहिलेलं, कोल्हापूर अठरा.
मी तिला पाण्याची बाटली दिली.

दोन खोल्या, खाली पिठाची गिरणी.
सकाळी दहाला फरशी थरथरते,
फळीवरच्या बशा आपापसात बोलू लागतात,
कुशल टाळ्या पिटतो.
चादरींवर, वह्यांवर, माझ्या पांढऱ्या गणवेशावर
पिठाचा एक अस्तर.
गणवेशावर तेवढा दिसत नाही.

शाळेच्या फॉर्मवर पत्ता लिहिला, मंगळवार पेठ.
निमाने बोट ठेवून वाचला.
म्हणजे आपण रोज मंगळवारातच ऱ्हवायचा?
शाळा शुक्रवारात,
भाजी रविवारात,
वायरमन आला तो शनिवारातून.
आणि बाबा? बाबा कुठल्या वारात?

बाबा वैभववाडीत, डेपोत, गाडीखाली.
त्या गावाला वार नाहीत, बाय.

रात्रपाळीला मी सीपीआरमध्ये.
सलाईनचे थेंब मोजताना
मध्येच आकडा चुकतो, पुन्हा एकपासून.
मुलं गिरणीवाल्या हौसाबाईंच्या वाकळेत.
जा तू बिनघोर, म्हणतात त्या, पोरं खात्यात की ग्वाड.
एका सकाळी परतले तर
निमाच्या ओठांवर पांढरी मिशी.
आये, तांबडो तिखट होतो,
पण पांढऱ्या रश्शात आपलो नारळ असा!
असं सांगितलं तिने,
जणू गावचं कुणी बाजारात भेटलं.

कुशलचं दुःख वेगळं होतं.
त्याला ते सांगता येत नव्हतं, तीन वर्षांचा जीव.
गिरणीमागच्या मोकळ्या जागेत
तो चेंडू ठेवायचा आणि उभा राहायचा.
आमच्या खळ्यात चेंडू ठेवला
की तो आपला निघायचा,
तुळशीला वळसा घालून, पायऱ्यांवरून,
माडांमधून थेट व्हाळापर्यंत,
आणि हा मागून, हसत, पडत.
इथे चेंडू ठेवला तिथेच.
तो वाट बघायचा.
उकिडवा बसून त्याच्याकडे बघायचा.
एकदा त्याने चेंडूला हळूच सांगितलं, चल.

मी वरून कपडे वाळत घालत होते.
खाली जाऊन काय समजावणार होते मी,
जमीन सपाट असते म्हणजे काय ते?
मलाच रात्री ड्युटीवरून येताना
रस्ता कुठेच नेत नाही असं वाटायचं.

गल्लीतला एक पोरगा आला, दहाबारा वर्षांचा,
एका पायात मोजा, दुसरा उघडा.
बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला,
आरं बारक्या, त्यो आपसूक न्हाई जात.
हाण की!

कुशलने वर माझ्याकडे पाहिलं.
मग हाणला.
चेंडू जेमतेम चार हात गेला, गटारीच्या कडेला अडला.
पोरगा ओरडला, लई भारी!
कुशल पुन्हा धावला.
माझ्या हातातला टॉवेल पिळायचा राहून गेला,
खाली पीठ पाखडणाऱ्या हौसाबाईंवर ठिबकत राहिला.

रविवारी यांचा फोन आला.
निमाने घेतला, मी पोळ्या लाटत होते.
जेवलीस?
व्हय की.
भाऊ काय करतो?
खेळालाय खाली.
पलीकडे डेपोतला हॉर्न वाजला, मग काहीच नाही,
मग यांचा आवाज, जरा जपून,
कोण बोलता?

मीच की, बाबा, म्हणाली ती,
आणि तव्यावरची पोळी करपली तरी
मी फोन मागितला नाही.