पाणसळ

रिटायर झाल्यावर यांनी सोफा विकला
आणि ही कॅरव्हॅन घेतली, सोहारच्या एका डच माणसाकडून.
मागच्या काचेवर त्याच्या भाषेतलं एक स्टिकर होतं.
काढायला गेलो तर निम्मंच निघालं.
उरलेलं निम्मं काय म्हणतंय, देव जाणे.

एरवी वाडी कबीरच्या घरात आमचे दिवस तसे भरलेलेच असतात.
सकाळी मत्राहच्या कॉर्निशवर दोन किलोमीटर,
हे पुढे, मी मागे, माझ्या गुडघ्याच्या हिशेबाने.
मग मासळीबाजार. तिथे भाव मी करते,
हे दूर उभे राहतात, जणू आमची ओळखच नाही.
दुपारी कॅरम, दोघांतच.
राणी शेवटपर्यंत कोणीच घेत नाही.

नोव्हेंबर लागला की मात्र यांचे हात शिवशिवायला लागतात.

सूरचा हा रस्ता यांनी मोजलेला आहे.
डांबर पडण्याआधी, खडकांवर चुन्याच्या खुणा करत,
तिपाई खांद्यावर टाकून, दोन वर्षं.
मी तेव्हा मिरजेत, शुक्रवारी फोनपाशी.
आता त्याच रस्त्यावरून आम्ही साठच्या वेगाने जातो,
मागून ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न देतात,
आणि हे वळणावळणाला सांगत राहतात:
इथला खडक नाठाळ होता,
इथे प्यायचं पाणी संपलं,
इथे अब्दुल्लाचा गाढव नकाशा खाऊन गेला.
एका वळणावर काही बोलत नाहीत.
तिथे यांना माझा फोन आला होता, मामंजी गेल्याचा.
मी तेवढ्यात थर्मास उघडते.

फिन्सला पोचलो की आधी चाकांखाली फळ्या,
मग ओट्यावर पाणसळ. पिवळी, कोपरे झिजलेली,
कंपनीला परत न केलेली एकमेव वस्तू.
"बघ गं, बुडबुडा मध्ये आला का?"
हे गेल्या वर्षापासून मला विचारतात.
मोतीबिंदू म्हणायचं नाही आमच्यात.
उजेड कमी आहे, असं म्हणायचं,
भर दुपारी, अरबी समुद्राच्या काठावर.

"अजून एक फळी," मी म्हणते.
"अजून थोडं."
"हं. बास."

संध्याकाळी खल्फान येतो, सुरमईचा तुकडा घेऊन,
पिठल्याला नाक मुरडतो आणि दोनदा वाढून घेतो.
"मुहंदिस, गावी कधी जाणार?"
"बघू," हे म्हणतात. वीस वर्षांचं पाठ उत्तर.
व्हिसा आता लेकाच्या नावाखाली, अवलंबून असलेले म्हणून.
मिरजेच्या ब्लॉकची किल्ली माझ्या बहिणीकडे.
परवा तिने जाऊन नळ सोडून बघितला,
आधी नुसती हवा आली म्हणे, मग गढूळ पाणी,
मग चांगलं.
मी हे यांना सांगितलं. यांनी फक्त विचारलं,
किती वेळाने चांगलं आलं?

खल्फान गेला. कंदील बारीक केला.
समुद्र आपला, कोणी ऐको न ऐको.

आता खरं सांगते.
बुडबुडा मध्ये आला नव्हता.
डाव्या रेघेला चिकटून होता, चांगला जवभर बाहेर.
अजून एक फळी लागली असती,
पण यांची कंबर, आणि ते ऊन,
आणि वाकताना यांनी धरलेला तो दाराचा कोपरा
मला दिसला.
बुडबुडा चढाकडे जातो, हे यांनीच शिकवलंय मला.
माणूस उताराकडे.

मध्यरात्री मी सरकत सरकत यांच्या पाठीला जाऊन लागते.
हे भिंतीशी दाबले जातात, झोपेतच पुटपुटतात,
"सुलभा, जमीन खचतीय का?"
"वाळू आहे," मी म्हणते. "झोपा."

ओट्यावर एक खजूर
ताटलीच्या कडेपर्यंत जातो,
थांबतो.