झिरो बघा

अज्जा होटगी रोडच्या पंपावर एकतीस वर्षं होता.
मालक तीन बदलले, कंपनीचा रंग दोनदा,
त्याचा खाकी शर्ट तोच,
शिवाय आजीनं त्या शर्टासाठी वेगळी ठेवलेली बादली.

घरात भात चमच्यानं खाणारा तो एकटाच.
साबण, चिंच, राख, सगळं करून झालं होतं,
बोटांचा वास काही जात नव्हता.
आजी स्टोव्ह पेटवायची तेव्हा
तो न सांगता अंगणात जाऊन उभा राहायचा.

एकदा सुट्टीत मला पहाटे पंपावर नेलं.
जमिनीतलं लोखंडी झाकण उचलून
त्यानं पितळी काठी खाली सोडली,
टोकाला कसलीशी पेस्ट फासून.
"पाणी लागलं की हिचा रंग बदलतो.
पाणी वर कधी दिसत नाही बे,
पेट्रोलच्या खाली जाऊन गप बसतं."
काठी वर आली. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला,
ओली रेघ कुठवर आली ते पाहिलं,
आणि ती सुकायच्या आत वहीत आकडा.

त्या वह्या माळ्यावर सापडल्या मागच्या दिवाळीत.
तारीख, साठा, तापमान, घनता.
अक्षर कानडी वळणाचं, आकडे इंग्रजी,
पानांमागून पानं, एकही खाडाखोड नाही.
फक्त एका मार्च महिन्यात
घनतेचे अकरा आकडे खोडून पुन्हा लिहिलेले,
इतके दाबून की मागच्या पानावर हाताला लागतात.
पंपावर तेव्हा दुसरा मालक होता.
एप्रिलमध्ये सुवर्णाआत्याचं लग्न झालं.

मी आत्याला विचारलं नाही.
वही होती तिथं ठेवली,
वर जुन्या चादरी.

रुद्रभूमीत त्याला बसवून खाली उतरवलं
तेव्हा मी नववीत होतो.
कपाळावर विभूती, मांडीवर हात.
सगळे माती टाकत होते
आणि मी वाकून बघत होतो, किती खोल आहे.
काकानं दंडाला धरून मागं ओढलं.

आता त्याच पंपावर
टोपी घातलेली एक पोरगी नळी हातात घेते,
"झिरो बघा, सर."
मागं रिक्षावाला हॉर्न वाजवतोय,
ऊन डोक्यावर आलंय.
मी गाडीवरून उतरतो,
काचेवर हाताची सावली धरतो
आणि नीट बघतो.