बिस्किटांचा डबा

ग्रिम्सबीत तेव्हा आमचं मिशन म्हणजे
बिस्किटांच्या डब्यात सव्वीस पौंड,
पाच पोरं, आणि व्हर्ननची व्हॅन,
मासळीचा वास न सुटलेली.

टॅम्सिन प्रार्थनेतही डोळे उघडे ठेवायची.
"मिटले की झोपच लागते," म्हणायची.
रात्रपाळी होती तिला, कोळंबी सोलायची.

पहिल्या उन्हाळ्यात सुवार्ता घेऊन निघालो
ते लाउथच्या चढावर अडकलो.
ट्रॅक्टरवाल्या म्हाताऱ्यानं दोर बांधला,
ओढत घरी नेलं, सूप वाढलं.
"चर्च? छे," म्हणाला, "पाव घ्या अजून."
पत्रकांचा भिजून लगदा झाला होता.

उपकारस्तुती चालू असतानाच
टॅम्सिननं डोळे मिटले.
आमेननंतरही उघडले नाहीत.
त्यानं तिच्यावर आपला कोट टाकला.
आम्ही हळू बोलू लागलो.

वहीत त्या तारखेपुढे: दोर, दोन पौंड.
घेतले नव्हते त्यानं.