बहात्तरच्या आत

सिमला ऑफिसात चौतीस वर्षं
सकाळी साडेआठला मी पाऱ्याकडे बघितलं.
चढो वा उतरो, आपण लिहायचं,
खाडाखोड करायची नाही,
अंदाज सांगणारे वेगळे.

म्हणून लिहितो.

शनिवार, रात्री अकरा. खराडी, चौदावा मजला.
दाराबाहेर चपलांचे सात जोड,
त्यातला ऑर्थोपेडिक, तो माझा.
टीपॉयवर काचेची बशी, बशीत पूड,
शेजारी सोललेलं मोसंबं, कुणीच न खाल्लेलं.
जयवंत म्हणाला, घे रे, गुडघे विसरशील.

गुडघे विसरलो.
गळ्याखालची लोंबती कातडी विसरलो,
ॲपवर फोटो बघून 'अंकल, सॉरी' म्हणणारी
सगळी पोरं विसरलो.
खिशातला निरोध खिशातच राहिला.
आणि खोटं कशाला बोलू,
कुणीतरी पाठीवर हात ठेवला
आणि बराच वेळ काढला नाही.

कोण होते, किती होते?
काहीतरी लिहिता येईल,
पण ती नोंद नसेल.

रविवार कुठे गेला माहीत नाही.
चौतीस वर्षांच्या वह्यांत
असा गहाळ दिवस एकही नाही.

तसा मी घाबरट माणूस.
ब्याण्णव साली कॅम्पातला एडविन गेला,
वॉर्डाच्या टोकाची खाट,
ताट काठीनं सरकवल्यासारखं यायचं.
सही मी केली. नातं : मावसभाऊ.
पुढे बारा वर्षं कुणाचा हातसुद्धा धरला नाही.
मग धरला, तो दोन-दोन निरोध चढवून
(तेही चुकीचं असतं, उशिरा कळलं).
मित्र गेले, दाढा गेल्या, नोकरी संपली,
भीती तेवढी शाबूत होती.
बासष्टाव्या वर्षी तीच
चपलांशेजारी काढून आत गेलो.

सोमवार, साडेआठ. हात थरथरतायत, जबडा दुखतोय,
मनातला पारा पार तळाला.
मोजलं : तेहतीस तास.
रिक्षावाला म्हणाला, ससूनला कोण आहे ॲडमिट?
म्हटलं, बघू.

फॉर्म भरणारी तबस्सुम, माझ्या पुतणीएवढी.
वय सांगितलं, तिचं पेन थांबलं नाही.
तेवढ्यासाठी तिचं भलं होवो.
नशा होती? होती. कसली? सांगितली.
छातीसाठी जिभेखाली ठेवायची गोळी आहे?
आहे. आणि ती निळी पण घेतली होती?
तेव्हा मात्र थांबलं पेन.
'काका, या दोन्ही एकत्र झाल्या तर
माणूस आमच्यापर्यंत पोचतच नाही.'

बोटाला सुई. वाट बघणं. बाकावर
एक गरोदर बाई, दोन ट्रकवाले, मी.
सध्या निगेटिव्ह; तीन महिन्यांनी पुन्हा.
अठ्ठावीस दिवस गोळ्या, रोज एकाच वेळी.
वेळ पाळायला मला नको गं शिकवू,
हे मनात.
'आणि ती पूड?' तिनं विचारलं.

तो रकाना अजून कोरा आहे.

आज अकरावा दिवस. साडेआठ. गोळी घेतली.
तोंडाला कडवट चव. आकाश : दोन अष्टमांश ढग. वारा शांत.
काल रात्री जयवंतचा मेसेज : शनिवारी?
त्या एका शब्दाकडे बघत बसलो,
बशी दिसली, तो हातही दिसला.
मग लिहिलं : तू तपासून आलास का?

दोन निळ्या खुणा.
उत्तर नाही.