काळं लिंबू

सहा दिवस गेलो होतो लेकीकडे, कुवेतला.
कौतिकाच्या पासपोर्टात माहेरचं नाव आडवं आलं,
म्हणून एकटाच.

चौकात विचारतात, काय पाह्यलं बापा?
मी सांगतो, तिथं खांब नाहीत.
एकतीस वर्षं लाइनमन होतो मी,
पहिला दिवस मान वर करूनच हिंडलो.
तारा जमिनीखाली आहेत, पोरगी म्हणाली,
बाबा, आता खाली बघून चाला.

खाली बघितलं तर परात होती.
गालिच्यावर, बैलगाडीच्या चाकाएवढी.
ढीगभर भात, वर बकऱ्याची मांडी,
भोवती आठ माणसं, आणि मी.
अबू नासिरचं घर. त्यांच्या आईची कूस
माझी पोरगी वॉर्डात रात्री दोनदा बदलते,
एवढ्या ओळखीवर मला बोलावलेलं.

पंगत मला ठाऊक आहे:
ज्याची पत्रावळ त्याची, द्रोण त्याचा.
इथे परात एक,
आणि आपली हद्द आपणच ओळखायची.
मी कडेकडेने खात होतो, पाव्हण्यासारखा,
तर कुणीतरी न बोलता
मऊ तुकडे माझ्या बाजूला लोटत राहिलं.
मच्बूस, ते म्हणाले.
मसालेभात, मी म्हणालो.
दोघांचंही बरोबर असावं.

भातात काळी गोळी लागली बोटाला.
लिंबूच, पण उन्हात मरेस्तोवर वाळवलेलं.
लूमी.
आंबट म्हणावं तर नाही, कडू म्हणावं तर तेही नाही,
बंद पेटीत वर्षभर ठेवलेलं ऊन
झाकण काढल्यावर नाकाशी यावं, तसं काहीतरी.

मग कहवा. पिवळा, बिनसाखरेचा, वेलचीचा,
कवडीएवढ्या वाटीत.
संपला की भरायचे.
सातवी झाली, नववी झाली,
नाही कसं म्हणू, परक्याच्या घरात?
समोर फहद बसला होता, वय असेल सात.
त्याने माझ्याकडे बघत
आपली रिकामी वाटी हळूच हलवली,
उजवीकडे, डावीकडे.
मी हलवली.
ओतणारा हात थांबला.

येताना रुमालात सहा लिंबं आणली.
दारव्ह्याच्या एसटीतून उतरलो,
अंगणातच गाठ सोडली,
तर कौतिका दोन पावलं मागे.
"हे काय आणलं? तिठ्यावरचा उतारा उचलला का काय?
दाराले टांगू का भाजीत टाकू?"
वच्छलाबाईने नातवाचे पाय बाजूला घेतले.
किसना म्हणाला, अमावस्या टळू द्या मग बोला.
विमानातून आलेली लिंबं
तीन महिने न्हाणीच्या भिंतीवर राहिली,
घुशीनेही शिवली नाहीत.

माघात नवी तूर भरडली त्या रात्री
लाइट गेली.
सवयीने उठलो, डीपीपर्यंत जाऊन आलो,
आता माझं काम नाही तरी.
परतलो तर चुलीपाशी
अबू नासिरच्या घराचा वास.

ती काही बोलली नाही.
वरणात एक काळं लिंबू तरंगत होतं,
दाभणाने चार ठिकाणी टोचलेलं.
शेजारी ज्वारीची भाकर, कांदा, तेल-तिखट.

भुरका मारून ती म्हणाली,
"आंबटपणा काही खास नाही याचा."
मग बराच वेळ कंदिलाकडे बघत,
"गेल्या दिवाळीत प्रणोतीच्या बॅगेतले कपडे धुतले ना मी,
त्याले हाच वास होता.
मले वाटलं, तिकडचा साबण असंन.
दोन ओढण्या तशाच ठेवल्या, धुतल्या नाही."

माझं पोट भरलं होतं.
मी वाटी हलवली,
उजवीकडे, डावीकडे.
"गरम लागते का?" म्हणाली,
फुंकर घातली,
आणि पळीभर वरण अजून वाढलं.

खूण मी सांगितली नाही.
भिंतीवर पाच उरलीत.