बुडीत खाते

जुन्या बाजारात, बुधवारी, गंजक्या कुलपांच्या ढिगाशेजारी
रद्दीच्या भावात मिळाली ही वही.
लाल कापडाची पाठ, दोन कोपरे वाळवीचे.
अक्षर लागलं, म्हणून घेतली.

रविवार पेठ, भानशेट मुरुडकरांची पेढी.
पुण्याला समुद्र नाही,
पेढीला मात्र त्यात वाटा होता:
'सलामत', सागवानी, तीनशे खंडी, डोलकाठ्या दोन,
पाण्यात सोडली शके सतराशे एकाहत्तर.

कारकून अंताजी विसाजी लिहितो:
भेगांस कापूस, चंद्रूस, माशाचे तेल.
शीड फाटले, नवे.
कालिकतेहून सुंभ, बसऱ्याहून खजूर.
तांडेल धाकू खारवी यास आगाऊ रुपये बारा,
पोराचे बारशास वर दोन.
श्रावणी पुनवेस दर्यास नारळ एक.
सत्तावीस वर्षं, सत्तावीस नारळ.

घाट उतरला नसावा अंताजी कधी.
मुठेला पूर आला की
लकडी पुलावर जाऊन उभा राहत असेल,
असं आपलं मला वाटतं.
एवढंच सापडतं, खजुराच्या जमेशेजारी, समासात, बारीक:
'पोते चाखिले. खारट.'

मग शके सतराशे अठ्ठ्याण्णव, वैशाख वद्य.
मस्कतेहून निघाल्याचं पत्र
आगबोटीनं तिच्याआधी आलं.

मोडी लिहिताना आधी रेघा ओढून घेतात,
अक्षरं नंतर टांगतात त्यांना.
इथे सहा पानं नुसत्या रेघा.
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत,
कुठेही काही उगवलेलं नाही.

सातव्यावर:
'सलामत, मालसुद्धा, असामी चौदा.
बुडीत खाती.'
हा शब्द त्यानं आयुष्यभर
न फेडलेल्या उधाऱ्यांसाठी वापरला होता.
इथे टाक जरा अडलाय. शाईचा एक थेंब.

वही इथे संपायला हवी.
पण पुढच्या महिन्यात, त्याच वळणात:
'सलामत, दुरुस्तीखर्च, रुपये तीन.
हस्ते धाकूची बायको.'
आषाढात तीन. भाद्रपदात तीन.
कधी 'सुकाणू', कधी 'शिडाची दोरी',
एकदा, पोराच्या मुंजीएवढ्या वयाला, 'नवी फळी, रुपये पाच'.
अकरा वर्षं तो एक बुडालेलं गलबत
डागडुजी करून तरतं ठेवत होता
रविवार पेठेत, बैठ्या मेजावर.

प्रत्येक पानाखाली भानशेटची सही आहे.
न वाचता केलेली,
किंवा वाचून.