मुलामा

सराफ बाजाराच्या पाठीला,
दुकानांच्या काचा संपून मोऱ्या सुरू होतात
तिथे पत्र्याखाली आमची भट्टी.
पुढे जळगावचं सोनं. मागे आम्ही.

पोती येतात चोपड्याहून, पारोळ्याहून, यावलच्या पलीकडून.
एक ग्रॅमचे हार, काळे पडलेले तोडे,
एकाच कानाचा झुमका,
लग्नाच्या अल्बमात अजून चमकत असतील असे राणीहार.
मंछाबाई बोहारीण प्लास्टिकच्या टबावर घेते
नि आम्हाला किलोवर घालते.

सुपडूमामा चिमट्याने खडे काढतो,
स्प्रिंगा काढतो, लोहचुंबक फिरवतो.
आईची तीन बाळं गेल्यावर चौथा हा;
सुपात घालून पाखडला, म्हणून सुपडू.
"मी फोल निंघनू नही," म्हणतो,
"तवयपाईन पाखडानंच काम."

मग तेजाब.
आधी काहीच होत नाही.
मग तांबं बोलायला लागतं,
तपकिरी धूर पत्र्याला लागतो,
आम्ही वाऱ्याच्या अंगाला सरकतो, फडक्याआड खोकतो,
आणि बरणीतलं पाणी हिरवं होत जातं.
तापीच्या डोहासारखं म्हणावं,
तर तापी इतकी हिरवी कधी नव्हती.
मी ढवळायला जातो.
मामा मनगट धरतो:
"दम धर भो. तांबं पयी जास, सोनं बठी ऱ्हास."

एक क्षण असा येतो
की आतलं सगळं विरलेलं असतं
नि फुलाची नुसती साल उभी असते पाण्यात.
पाकळ्या, देठ, साच्यातली नक्षी
जागच्या जागी,
आत कोणी नाही.
श्वास लागला तरी मोडेल.
मोडतेच.

गाळायचं, धुवायचं, पुन्हा धुवायचं.
मुशीत सवागी, वर फुंकणी.
चार किलोंच्या अडीच गुंजा.
ज्वारीचा बारका दाणा.
एवढ्या गळ्यांवर एवढंच होतं, पसरून वाटलेलं.
खोटं कसं म्हणू?
थोडं होतं.

हिरव्या पाण्यात मोडके खिळे टाकतो.
तांबं खिळ्यांवर येऊन बसतं.
उरलेल्यात चुना. मोरीत काही जायचं नाही,
मोरी नाल्याला, नाला पुढे कुणाच्या तरी केळीला.
हे मामाने मला पहिल्या दिवशी शिकवलं,
सोन्याचं नंतर.

अकरा वर्षं झाली असतील.
बेन्टेक्सच्या माळेत एक मणी,
दोन्ही बाजूंनी गाठ मारून ओवलेला.
कसोटीवर घासला.
रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला.
रेघ हटेना.
मामा बराच वेळ बोलला नाही.
मग सायकल काढून मंछाबाईला गाठलं:
कोणत्या घरचं?
"आसोद्याचं. नाही तर भादलीचं. निळं दार होतं."

एका रविवारी आसोदा, पुढच्या रविवारी भादली.
निळी दारं सोळा.
सोळा दारांत विचारायचं तरी काय?
बाई, सोनं हरवलंय का तुमचं,
असं विचारल्यावर कोणतं दार नाही म्हणेल?
माळ कुठली ते कुणी सांगेना.
दोन ठिकाणी चहा मिळाला,
एका ठिकाणी कुत्रं सोडलं.

मणी काडेपेटीत आहे, कोनाड्यात.
भाव किती चढला ते समोरच्या पाटीवर रोज लिहितात.
भट्टीचं भाडं दोनदा थकलं.
मामाच्या छातीचा फोटो काढायचा ठरला
त्या दिवशी त्याने पेटी कानाशी वाजवली
नि परत ठेवली.
मी काही बोललो नाही.
बोलायला हवं होतं का, अजून कळत नाही.

आज मंछाबाई पोतं टाकते,
कमरेवर हात ठेवून दम खाते.
"आठवलं का दार?" मामा विचारतो, दर वेळी विचारतो.
"निळंच होतं भाऊ.
आता रंग बदलला असंल."

मी पोतं उपडं करतो.
खळखळाट होतो, धूळ उडते.
मामा चष्मा पुसतो
आणि एकेका माळेची
गाठ सोडून बघतो.